आमिषाचा ताजेपणा तासांवर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटीच्या दिवशी संध्याकाळी सांगलीच्या घाटांवर, हरिपूरच्या संगमाजवळ किंवा म्हैसाळच्या बंधाऱ्याच्या अंगाला गेलं की पायाखाली मासळीचे तुकडे येतात. बांगड्याची डोकी, फुटलेली पोटं, प्लॅस्टिकच्या पिशवीत उरलेलं लालसर पाणी आणि त्यावर जमलेली कुत्री. घाटावर फिरायला येणारे याबद्दल तक्रार करतात आणि ती रास्त आहे. ही घाण गळ टाकणाऱ्यांचीच असते. तिच्यामागे एक समजूत आहे: गळाला मासळी लावायची तर ती ताजीच हवी, फ्रीजरमधली लावली तर मासा तोंड लावत नाही. म्हणून माणूस सकाळी बाजारातून किलोभर बांगडा घेतो, त्यातला पाव किलो वापरतो आणि उरलेला दुपारच्या उन्हात लिबलिबीत झाला की दगडावर टाकून निघून जातो.

ही समजूत अर्धवट आहे. आमिष एकदा गोठलं होतं की नव्हतं, याला फारसं महत्त्व नाही. मासा मेल्यापासून गळाला लागेपर्यंत किती तास गेले आणि त्या तासांत तो किती गारव्यात होता, यावर सगळं ठरतं. कृष्णेतली चिलापी पकडल्यापासून दोन तासांत कापून, नीट गोठवून महिन्याने काढली, तर ती बाजारातल्या ‘ताज्या’ बांगड्याला बहुतेक वेळा मागे टाकते. कसं, ते तपशिलात लिहितो. या जिल्ह्यात गळाची हौस असणारे पुष्कळ आहेत, पण या विषयावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

बांगडा आपल्याकडे येतो कसा, ते आधी पाहू. होडीवर पकडल्याबरोबर बर्फात, मग रत्नागिरीसारख्या बंदरावर उतरणं, लिलाव, पुन्हा बर्फ, आंबा घाटातून गाडी, इथला ठोक व्यापारी आणि शेवटी मिरज-सांगलीचा किरकोळ बाजार. होडी समुद्रात किती दिवस होती ते वेगळंच. बर्फ नीट असेल तर हा मासा खायला उत्तम असतो, त्याबद्दल दुमत नाही. पण गळाला लावण्याच्या दृष्टीने त्याचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं. त्यातही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बाजारात जो बांगडा किंवा तारली दिसते, ती लहान होड्यांची थोडी मासळी, पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला उठल्यावर तिकडून आलेली, नाहीतर शीतगृहातली असते. म्हणजे ‘आम्ही फ्रीजरचं वापरत नाही’ म्हणणारेही पावसाळ्यात बऱ्याचदा फ्रीजरचंच वापरत असतात. फरक इतकाच की ते गोठवणं आणि वितळवणं त्यांच्या हातात नसतं.

मासा मेला की त्याचं अंग आधी ढिलं असतं, काही तासांत ताठ होतं आणि मग पुन्हा सैल पडू लागतं. या दुसऱ्या सैलपणात मांसातलीच पाचकद्रव्यं तंतूंना एकमेकांपासून आणि सालीपासून सोडवू लागतात. जिवाणूंचं काम त्याच्या मागून जोर धरतं. शून्य अंशाच्या आसपास हे सगळं दिवसांच्या हिशेबाने चालतं, एप्रिल-मेमधल्या सांगलीच्या उन्हात तासांच्या हिशेबाने. तारली आणि पेडवे यांच्या पोटात खाद्य भरलेलं असताना ते पकडले गेले, तर पोटाची भिंत इतक्या लवकर सडते की हात लावताच फुटते. असा मासा गळावर टिकण्याची आशा करू नये.

ताजेपणा पाहायला डोळे आणि कल्ले सगळेच बघतात. गळासाठी आणखी एक परीक्षा करावी. शेपटीकडून सालीसकट बोटभर पट्टी कापायची, एका टोकाला चिमटीत धरायची आणि दोन-तीनदा जोरात झटकायची. मांस सालीला घट्ट राहिलं तर पट्टी कामाची. साल हातात आणि मांस जमिनीवर, असं झालं तर त्या माशाचा चारा पहिल्या फेकीतच गळावरून सुटणार. ही परीक्षा ताज्या आणि वितळवलेल्या अशा दोन्ही माशांना सारखीच लागू पडते, म्हणून ती डोळ्यांपेक्षा भरवशाची.

आता गोठवण्याकडे येऊ. चिलापीच्या मांसात शंभरात अठ्ठ्याहत्तर ते ऐंशी भाग पाणी असतं. ते एकदम शून्याला गोठत नाही. साधारण उणे १ अंशाला सुरुवात होते आणि उणे ५ अंशांपर्यंत त्यातलं तीन चतुर्थांश पाणी बर्फ झालेलं असतं. या चार अंशांमधून मासा किती वेगाने जातो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. वेगाने गेला तर बर्फाचे कण बारीक राहतात आणि पेशींच्या आत-बाहेर सारखे पसरतात. रेंगाळला तर पेशींच्या बाहेर मोठाले स्फटिक वाढतात, ते आतलं पाणी ओढून घेतात आणि तंतू फाडतात. वितळल्यावर ते पाणी पुन्हा आत जात नाही. पिशवीच्या तळाशी जे गुलाबी पाणी साचतं ते हेच. कारखान्यातले गोठवणी यंत्र हा टप्पा झटक्यात पार करतात. घरच्या फ्रीजरमध्ये अख्ख्या किलोची पिशवी कोंबली, तर मधला मासा या टप्प्यात कित्येक तास अडकून पडतो. फ्रीजरच्या चाऱ्याला जी नावं ठेवली जातात ती या पिशवीमुळे.

त्या गुलाबी पाण्यात विरघळलेली प्रथिनं आणि सुटी अमिनो आम्लं असतात. मांसखाऊ माशाला पाण्यात चव आणि वास कळतो तो मुख्यतः या अमिनो आम्लांमुळे. शिंगटा आणि शिवडा यांच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात, म्हणून हे मासे गढूळ पाण्यात आणि रात्रीही तुकडा हुडकतात. गोठून फाटलेल्या मांसातून हा अर्क भराभर बाहेर पडतो. म्हणूनच वितळवलेला तुकडा पाण्यात गेल्यावर पहिली काही मिनिटं ताज्या तुकड्यापेक्षा जास्त वास सोडतो. मग तो धुतला जातो आणि पांढराफटक, बेचव चोथा गळावर लोंबत राहतो. ताजा तुकडा सावकाश सोडतो आणि जास्त वेळ सोडतो. ‘फ्रीजरच्या चाऱ्याला मासा लागत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी तो चारा तासभर तसाच पाण्यात ठेवलेला असतो. वितळवलेला तुकडा वीस मिनिटांनी, फार तर अर्ध्या तासाने बदलायचा. एवढा नियम पाळला तर निम्मी तक्रार मिटते.

कोणता मासा गोठवायला चांगला? आमच्या मते या भागात चिलापीला तोड नाही. मांस कमी चरबीचं, साल चिवट, आणि ती नदीतच मुबलक. बाहेरून आलेली जात असल्यामुळे ती नदीतून जितकी निघेल तितकं बरंच. मृगळ, रोहू यांच्याही पट्ट्या चांगल्या होतात, पण त्या माशांना ताटात जास्त किंमत आहे. बांगडा तेलकट असल्याने वास उत्तम, पण तेच तेल फ्रीजरमध्ये हळूहळू खवट होतं. उणे १८ अंशांना जिवाणू थांबतात, तेलाचं खवट होणं थांबत नाही, फक्त मंदावतं. म्हणून बांगडा दोन महिन्यांच्या आत संपवावा, चिलापी चार-पाच महिने सहज राहते. पिशवीतल्या बांगड्याच्या कडा पिवळट दिसू लागल्या की तो बाद. तारली गोठवायचीच असेल तर पोट काढून आणि अख्खी. बोंबलाच्या अंगात पाण्याशिवाय फारसं काहीच नसतं, वितळला की गळावर उरतच नाही. कोळंबी डोकं काढून गोठवावी, डोक्यासकट ठेवली तर तिथूनच काळी पडत जाते. कोंबडीची काळीज-आतडी हा वेगळा विषय आहे, पण काळीज एकदा गोठवलं की ते दोऱ्याने बांधूनही धड राहत नाही.

आता कृती. पाव किलोच्या आसपासच्या चार चिलापी, म्हणजे साधारण एक किलो घ्या. मासा पकडल्याबरोबर मारून बर्फात ठेवावा. बादलीत तडफडत मेलेल्या माशाच्या अंगातली शक्ती आधीच संपते, तो लवकर ताठतो आणि लवकर सैल पडतो. घरी आल्यावर नळाच्या पाण्याने धुवा, खवले काढा, साल ठेवा. कोरड्या फडक्याने पुसा. अंगावर राहिलेलं पाणी फ्रीजरमध्ये तुकड्यांना एकमेकांशी चिकटवतं आणि गोठण्याचा वेळ वाढवतं. धारदार पातळ सुरीने दोन्ही बाजूंचं मांस काट्यापासून सोडवा. किलोभर चिलापीतून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास निघतं. त्याच्या सहा-सात सेंटीमीटर लांब, दीड सेंटीमीटर रुंद पट्ट्या तिरक्या कापा, एक टोक निमुळतं ठेवा. जाडी पाऊण सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. अशा पस्तीस-चाळीस पट्ट्या होतात, दोन माणसांना एका संध्याकाळी पुरून उरतील इतक्या.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, ती मिठाची. साडेतीनशे ग्रॅम पट्ट्यांना तीस-पस्तीस ग्रॅम, म्हणजे दहावा हिस्सा, बारीक कुटलेलं खडे मीठ चोळा आणि चाळणीत तासभर फ्रिजमध्ये ठेवा. खाली पाणी गळतं, ते टाकून द्या. मीठ मांसातलं सुटं पाणी ओढून घेतं आणि तंतू घट्ट करतं. गोठायला पाणीच कमी राहिल्याने फाटणंही कमी होतं. रात्रभर पाण्यात राहणाऱ्या दावणीसाठी, म्हणजे एका लांब दोरीला ओळीने बांधलेल्या गळांसाठी, मीठ शंभर ग्रॅमपर्यंत वाढवा आणि पट्ट्या रात्रभर मुरू द्या. अशा खारवलेल्या पट्ट्या घरच्या फ्रीजरमध्ये दगड होत नाहीत, वाकतात, कारण कडक मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. हव्या तेवढ्या सुट्या करून घेता येतात, हा त्यांचा मोठा गुण. दोष असा की त्या वास कमी सोडतात. शिवाय बांगड्याला जास्त मीठ लावलं तर मिठामुळे तेल आणखी लवकर खवट होतं. खारवलेला बांगडा महिन्याच्या आत वापरा.

पट्ट्या स्टीलच्या ताटात प्लॅस्टिकचा कागद घालून एकेक सुटी मांडा, साल खाली. ताट फ्रीजरच्या तळाला किंवा गार भिंतीला टेकवून ठेवा. स्टील गारवा लवकर पोहोचवतं. पातळ पट्ट्या दोन-तीन तासांत कडक होतात, आणि या वेगासाठीच ही सगळी खटपट आहे. मग दहा-दहाच्या पुड्या करा. पिशवीतली हवा काढायची तर तोंड उघडं ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात बुडवत न्या, पाणीच हवा बाहेर दाबतं. मग तोंड बंद करा. अख्खी तारली किंवा लहान चिलापी ठेवायची असेल तर कडक झाल्यावर बर्फाच्या पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवून पुन्हा फ्रीजरमध्ये टाका, असं दोनदा करा. वर बर्फाचा पातळ पापुद्रा बसतो आणि हवा आत शिरत नाही. पुडीवर तारीख आणि मासा लिहा. घरच्या खाण्याच्या मासळीपासून ती वेगळ्या डब्यात ठेवा.

एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा उणे १८ अंशांपर्यंत जातच नाही. त्यात गोठवलेलं आमिष दोन-तीन आठवड्यांसाठीच धरावं. वीज जाण्याचाही प्रश्न आहे. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. नाणं वरच दिसतंय तोवर ठीक. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर तुमच्या नकळत सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. दोनदा गोठलेल्या मांसातून आणखी जास्त पाणी गळतं आणि झटकण्याची परीक्षा ते पास होत नाही. नदीवरून परत आणलेल्या वितळलेल्या पट्ट्या पुन्हा फ्रीजरमध्ये टाकू नयेत, तेही याचमुळे.

वितळवायचं ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात अर्धा तास. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत वितळवलेल्या पट्टीचं बाहेरचं मांस सडायला लागतं तेव्हा आतलं अजून बर्फच असतं. नदीवर नेताना थर्माकोलच्या डब्यात पाण्याची गोठवलेली बाटली ठेवा, सुटा बर्फ नको. सुटा बर्फ वितळतो, पट्ट्या त्या पाण्यात पोहतात आणि गळाला लागायच्या आतच धुऊन निघतात. एका वेळी दोनच पट्ट्या बाहेर काढा.

गळाला लावताना पट्टी अर्धवट वितळलेली असावी. तेव्हा ती सुरीने स्वच्छ कापली जाते आणि गळाची नांगी सालीतून आरपार जाते. निमुळत्या टोकाकडून, मधोमध, आधी मांसाकडून सालीकडे आणि पुन्हा सालीकडून मांसाकडे अशी दोनदा ओवा. नांगी उघडी राहिली पाहिजे. ती मांसात बुडाली तर मासा ओढतो, पण गळ लागत नाही. छिद्र एका कडेला पडलं तर वाहत्या पाण्यात पट्टी भिरभिरते, तंगूसला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, पीळ बसतो आणि संशयी मासा दूर जातो. वितळवलेल्या पट्टीला शिवणयंत्राच्या दोऱ्याचे आठ-दहा वेढे गळाच्या दांड्याशी द्यावेत. ताज्याला याची गरज पडत नाही. फेकताना काठीला झटका देऊ नका, वजन सावकाश फिरवून सोडा. मऊ आमिष सर्वांत जास्त वाया जातं ते पाण्यात पडण्याच्याही आधी, हवेत सुटून. शिंगट्यासाठी १/० किंवा २/० मापाचा गळ आणि पूर्ण पट्टी ठीक आहे. वामीचं तोंड लहान, तिला गांडूळच बरं. मांस लावायचंच तर दोन-तीन सेंटीमीटरची बारीक पट्टी आणि त्याला साजेसा लहान गळ. कटला-रोहूसाठी ही सगळी मेहनत फुकट आहे, त्यांना कणकेचा गोळा.

पाणी पाहून निवड करावी. मृगानंतर नदीला तांबडं पाणी आलं की डोळ्यांचा उपयोग राहत नाही, वास आणि स्पर्शावर चालणारे मासेच चरतात. तेव्हा हलकं मीठ लावून गोठवलेली आणि नीट वितळवलेली पट्टी ताज्याच्या तोडीची, आणि वारंवार बदलली तर सरस. पूर असताना मात्र काठाला जाऊच नये. दिवाळीनंतर पाणी निवळतं, मासा तुकडा पाहून घेतो, तेव्हा चमकती साल आणि घट्ट मांस लागतं. तिथे ताज्याला पर्याय नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मरळ तर नजरेने आणि पाण्याच्या हालचालीने शिकार करते. तिच्यासमोर निपचित पडलेला वितळलेला तुकडा म्हणजे वेळ घालवणं. तिला ताज्या, चिवट सालीच्या लांब पट्टीची हलती शेपटी दाखवावी लागते. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागच्या थांबलेल्या पाण्यात खेकडे आणि चिलापीची पिल्लं मऊ तुकडा पाच मिनिटांत कुरतडून टाकतात. तिथे कडक खारवलेली पट्टी चालते.

गोठवलेल्या आमिषाचा आणखी एक फायदा आहे आणि तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. एका तळ्यातले जिवंत मासे बादलीत घालून दुसऱ्या पाण्यात आमिष म्हणून नेणं हा अत्यंत घातक प्रकार आहे. शेततळ्यातली चिलापी किंवा परदेशी मांगूर अशा वाटेनेच सुटतो. या मांगुराच्या पैदाशीवर देशात २०००पासून बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९मध्ये ती कडकपणे राबवायला सांगितलं. तरी तो मिळतो. एकदा नदीत गेला की देशी माशांची पिल्लं खातो, आणि त्याला परत काढता येत नाही. मेलेला, कापलेला मासा कुठे वंश वाढवत नाही. मात्र गोठवल्याने रोगजंतू मरतात असं समजू नका. विषाणू आणि पुष्कळसे जिवाणू गोठूनही टिकतात. म्हणून ज्या पाण्यातला मासा त्याच पाण्यात वापरावा. उरमोडी किंवा कण्हेर धरणातली मासळी कृष्णेच्या डोहात आणि इकडची तिकडे, हे टाळता येण्यासारखं आहे. धरणांच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, तिची परवानगी लागते. कोयना आणि चांदोलीचा संरक्षित भाग तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गळ टाकायचाच नाही.

नदीत मासे मरून वर आल्याचे प्रकार सांगलीकरांनी अनेकदा पाहिले आहेत. अशा वेळी काठावर फुकट मिळालेली मासळी आमिषासाठी पोत्याने गोळा केली जाते. ती घेऊ नये. मळीसारखं सेंद्रिय सांडपाणी आल्यावर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा गुदमरून, तोंड आणि कल्ले फाकून मरतो. तो कधी मेला हे कळत नाही, रात्रभर कोमट पाण्यात असतो, झटकण्याच्या परीक्षेला उतरत नाही. शिवाय त्या पाण्यात आणखी काय होतं ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही. असा मासा हाताळण्याऐवजी ठिकाण आणि वेळ टिपून, फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाला तातडीने कळवावं. पाण्याचा नमुना पहिल्या काही तासांतच उपयोगाचा असतो, नंतर प्रवाह पुरावा घेऊन जातो.

उरलेल्या आमिषाबद्दल. दिवसभर उन्हात राहिलेला बांगडा घरी नेऊन कालवणात घालण्याचा मोह काहींना होतो. बांगड्याच्या मांसात उष्णतेने हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून नष्ट होत नाही. अंगावर चट्टे, तोंड लाल होणं, डोकेदुखी, उलट्या हा त्याचाच त्रास. तो नदीत फेकणंही चुकीचं. भिलवडी, औदुंबर, डिग्रज ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत. जिथे माणसं उतरतात, बायका धुणं धुतात, पोरं पोहतात, त्या घाटाशी रोज मासळीचे तुकडे पडू लागले की मगरीला तिथे यायची सवय लागते. तुकड्यांच्या वासाने कासवंही काठाशी येतात आणि तिथे सोडलेल्या तंगूसच्या गुंत्यात अडकतात. गळाला कासव लागलं तर ओढून वर काढू नका. जाळीने किंवा हाताने उचलून, पक्कडने गळाची नांगी कापून सोडा. कासव धरून ठेवणं हा गुन्हा आहे.

म्हणून दहा पट्ट्यांच्या पुड्या. एका संध्याकाळी दोन पुड्या न्याव्यात. तिसरी फ्रीजरमध्येच राहते आणि काठावर टाकायला काही उरत नाही. तरी जे उरेल ते त्याच पिशवीत बांधून घरी आणून झाडाच्या आळ्यात हातभर खोल पुरावं. वर पुरलं तर कुत्री उकरतात.

दोन विनंत्या आहेत. महापालिकेने गळ टाकणाऱ्यांची वर्दळ असलेल्या घाटांवर झाकणाचा, कुत्र्यांना उलटता येणार नाही असा एकेक डबा ठेवावा. आणि तो रोज सकाळी रिकामा व्हावा, कारण मासळीचा डबा दोन दिवस राहिला तर तो नसलेला बरा. दुसरी विनंती मासळी विक्रेत्यांना. चिलापी साफ करून देताना सालीसकट निघणारे पोटाकडचे आणि शेपटीकडचे तुकडे आज कचऱ्यात जातात. ते त्याच दिवशी मीठ लावून, ताटात सुटे गोठवून, पाव पाव किलोच्या पुड्यांत विकले, तर घेणारे आम्ही पुष्कळ जण आहोत.

कळावे,
कृष्णाकाठचे काही हौशी मासेमार, सांगली